कॉटवर आडवं होऊन नकाशा वाचा

प्रश्न थोडक्यात असा. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी डॉक्टर पती-पत्नी तीस खाटांचं हॉस्पिटल बांधताहेत. ते फिजिशियन, त्या स्त्रीरोगतज्ज्ञ. प्लॅन तयार आहे, पायाचं काम दिवाळीनंतर सुरू होणार. डॉक्टर मॅडम विचारतात: "पेशंटला इथे धीर यावा, मन शांत राहावं, लवकर उठून घरी जाता यावं, यासाठी इमारतीत नेमकं काय करायचं? दर्शनी भाग काचेचा, लॉबीत ग्रॅनाइट, भिंतींना हलके रंग आणि निसर्गाची पोस्टर्स असं सुचवलं गेलंय. एवढं पुरेल का? आणि खर्च किती वाढेल?" सोबत प्लॅनचा फोटो आहे. रस्ता पश्चिमेला, वॉर्ड रस्त्याच्या बाजूला, मागे पूर्वेला एक जुना कडुनिंब, आणि त्याच्या जागी पार्किंग दाखवलंय.

डॉक्टर, रंग आणि पोस्टर्स अगदी शेवटी पाहू. पेशंटला ज्या गोष्टींनी खरा धीर येतो त्यातल्या बहुतेक स्लॅब पडायच्या आधी ठरतात. तेव्हा ठरवल्या तर जवळजवळ फुकटात होतात. नंतर त्याच गोष्टींसाठी भिंती फोडाव्या लागतात, आणि चालत्या हॉस्पिटलात भिंती कोणी फोडत नाही.

मी सत्तावीस वर्षं हॉस्पिटलांचे नकाशे काढतेय. त्यातली पहिली दहा-बारा वर्षं मी ते उभ्या माणसाच्या नजरेनं काढले. डॉक्टर उभे असतात, सिस्टर उभ्या असतात, उद्घाटनाला आलेले पाहुणे उभे असतात. आडवा असतो तो फक्त पेशंट, आणि नकाशावर चर्चा चालू असताना तो कधीच तिथे नसतो. हे मला माझ्या वडिलांमुळे कळलं.

न्यूमोनिया होऊन ते एका मोठ्या हॉस्पिटलच्या आयसीयूत नऊ दिवस होते. शाळामास्तर, पहाटे पाचला उठणारा शिस्तीचा माणूस. तिसऱ्या दिवशी भेटायला आत गेले तर म्हणाले, "सकाळ झाली का गं?" मी म्हटलं, "नाही बाबा, संध्याकाळचे सात वाजलेत." पाच मिनिटांनी पुन्हा तेच. त्या रात्री शाळेला उशीर होतोय म्हणून ते उठायला लागले, सलाईन ओढून काढलं, शेवटी हात बांधावे लागले. आजारपणात अचानक येणारा हा भ्रम, डिलिरियम, म्हणजे काय हे मी तुम्हाला सांगायला नको. पण दुसऱ्या दिवशी त्यांच्या उशाशी वाकून मी त्यांना काय दिसतंय ते पाहिलं. खिडकी नव्हती. घड्याळ होतं, पण त्यांच्या डोक्यामागच्या भिंतीवर, सिस्टरना दिसेल असं. डोळ्यांवर सरळ येणारा पांढराशुभ्र पॅनल लाइट चोवीस तास चालू. चष्मा आणि कानाचं मशीन आम्हाला पिशवीत घालून परत दिलेलं. सकाळ झाली की नाही हे कळायला त्यांच्याजवळ काहीच उरलं नव्हतं. उपचार चांगले झाले, बाबा बरे होऊन घरी आले. पण घरी आल्यावर मी माझे जुने नकाशे उघडले. त्यातल्या दोन आयसीयूंत घड्याळ मीच त्याच जागी लावलेलं होतं.

तेव्हापासून प्रत्येक कामावर मी एक गोष्ट करते. जोत्यापर्यंत काम आलं की वॉर्डच्या जागी चुन्यानं खाटा आखून घ्यायच्या, त्यातल्या एकीवर साधारण पावणेदोन फूट उंचीचं बाकडं ठेवायचं आणि त्यावर आडवं व्हायचं. डॉक्टरांनाही झोपायला लावते. तुमच्या दोघांकडूनही मला हेच हवंय. झोपल्यावर तीन प्रश्न विचारायचे: डोळ्यांसमोर काय आहे, दारातून कोण येतंय ते दिसतं का, आणि हात लांब केला तर काय हाती लागतं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा 'ट्यूबलाइट' असं येतं. आडव्या माणसाला छत दिसतं, भिंत नाही. फिनलंडच्या आल्व्हार आल्टो या आर्किटेक्टनं पायमिओ गावच्या क्षयरोग रुग्णालयात हे १९३३ साली नीट करून दाखवलं. खोलीचं छत त्यानं डोळ्यांना शांत वाटेल अशा हिरवट गडद रंगात रंगवलं, दिवा झोपलेल्याच्या नजरेत येणार नाही असा लावला, आणि शेजारच्या पेशंटची झोप मोडू नये म्हणून पाण्याची धार आवाज न करता पडेल अशा उताराचं बेसिन घडवलं. तेव्हा क्षयावर औषध नव्हतं. विश्रांती, हवा आणि ऊन एवढंच देता येत होतं, म्हणून इमारतीलाच औषधाचं काम करावं लागलं. आपल्याकडे आता औषधं आहेत, पण पेशंट अजूनही आडवाच असतो. म्हणून खाटेच्या बरोबर वर दिवा नको. दिवे बाजूच्या भिंतीवर, प्रकाश आधी छतावर पडून मग खाली येईल असे. तपासणीसाठी लागणारा झगझगीत दिवा वेगळा आणि वेगळ्या बटणावर. हेच ऑपरेशन थिएटरकडे जाणाऱ्या पॅसेजलाही लागू. ट्रॉलीवर नेताना एकामागून एक ट्यूबलाइट डोळ्यांवरून सरकत जातात, आणि तो माणूस आधीच घाबरलेला असतो. पॅसेजचे दिवे मध्यावरून काढून एका कडेला घेतले तर एक रुपयाही जास्त लागत नाही.

आता खिडकी. या विषयात सगळ्यात जास्त सांगितला जाणारा अभ्यास अमेरिकन संशोधक रॉजर उलरिच यांचा, १९८४ सालचा. पेनसिल्व्हेनियातल्या एका उपनगरी हॉस्पिटलात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्यांचे केसपेपर त्यांनी तपासले. इमारतीच्या एकाच बाजूच्या काही खोल्यांमधून झाडं दिसत, काहींमधून विटांची भिंत. वय वगैरे जुळवून २३ जोड्या लावल्या. झाडं दिसणारे सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंत दिसणारे ८.७० दिवसांत. झाडवाल्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली, आणि सिस्टरच्या नोंदींत 'रडतोय', 'खूप धीर द्यावा लागतो' असे शेरेही कमी होते. हा अभ्यास लहान आहे, एका हॉस्पिटलातला आणि एका शस्त्रक्रियेचा, त्यामुळे झाड लावा आणि बिछाना लवकर मोकळा करा असं मी कोणाला सांगत नाही. पण नंतर वेगवेगळ्या ठिकाणी उजेडाबद्दल जे दिसलं ते याच दिशेनं जाणारं आहे. पिट्सबर्गमध्ये मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर उन्हाच्या बाजूच्या खोल्यांतल्या पेशंटना तासागणिक २२ टक्के कमी वेदनाशामक लागलं, हा अभ्यास २००५ सालचा. मिलानमध्ये २००१ साली बायपोलर या मनोविकाराच्या पेशंटमध्ये असं आढळलं की पूर्वेच्या खोल्यांतले लोक पश्चिमेच्या खोल्यांतल्यांपेक्षा सरासरी साडेतीन दिवसांहून जास्त लवकर घरी गेले. सकाळचं ऊन हा फरक होता.

तुमच्या प्लॅनमध्ये वॉर्ड पश्चिमेला आहे, काचेआड, आणि पूर्वेला गाड्या. मराठवाड्यातल्या एप्रिल-मे महिन्यात दुपारी तीननंतर त्या काचेमागे काय होईल हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. लाइट गेली की तो वॉर्ड भट्टी होईल. ओपीडी, लॉबी, मेडिकल स्टोअर, जिना, लिफ्ट हे सगळं पश्चिमेला रस्त्याकडे घ्या. वॉर्ड पूर्वेला न्या. काचेऐवजी जाड भिंत, खोल छज्जे आणि जाळी. जो पैसा वाचेल त्यातून पुढच्या बऱ्याच गोष्टी होतील.

खिडकी नुसती असून भागत नाही, ती खाटेवरून दिसायला हवी. तुमच्या जनरल वॉर्डमध्ये सगळ्या खाटांचं डोकं खिडकीच्या भिंतीला आहे. म्हणजे उजेड डोक्यामागून येणार आणि पेशंट दिवसभर समोरच्या खाटेवरच्या पेशंटकडे पाहणार. समोरच्याला धाप लागली की यालाही लागते. रवांडातल्या बुतारो इथलं हॉस्पिटल २०११ साली उघडलं. तिथे वॉर्डच्या मधोमध एक बुटकी भिंत घेऊन खाटांची डोकी तिला लावली आहेत, त्यामुळे प्रत्येक पेशंटचं तोंड खिडकीकडे, बाहेरच्या डोंगरांकडे. ऑक्सिजनची लाइन आणि सॉकेट त्या मधल्या भिंतीत जातात. श्रीमंत देशातलं उदाहरण नाही हे, आपल्याला सहज जमेल असं आहे. दोन वर्षांपूर्वी एका बारा खाटांच्या वॉर्डमध्ये मी ही रचना केली. सुरुवातीला सिस्टरना बुटक्या भिंतीपलीकडचं दिसेना, म्हणून तिची उंची साडेचार फुटांवरून चार फुटांवर आणली. मग ठीक झालं.

खिडकीच्या सिलची, म्हणजे खालच्या कडेची, उंची आपल्याकडे सवयीनं तीन फूट ठेवतात. उशीवर डोकं टेकलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून अडीच फुटांच्या आसपास असतात, म्हणजे त्याला नुसतं आभाळ दिसतं, तेही छज्जा खोल असेल तर नाही. सिल दोन फुटांवर आणा. पडण्याची भीती रास्त आहे, म्हणून खालचा भाग बंद काचेचा, वरचा उघडणारा, आणि आतून मजबूत ग्रिल. फक्त ग्रिलची नक्षी आडव्या पट्ट्यांची नको. मुलं शिडीसारखी चढतात.

हवेचंही इथेच सांगते, कारण तुम्ही जनरल वॉर्ड एसी करायचा विचार करताय असं फॉल्स सिलिंगवरून दिसतं. पुण्याच्या ससून हॉस्पिटलची जुनी इमारत १८६७ सालची. त्या काळच्या वॉर्डांची उंच छतं, समोरासमोर खिडक्या, बाहेर व्हरांडा हे सगळं फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या विचारातून आलेलं होतं. क्रिमियन युद्धात तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात कोंदट वॉर्डांत माणसं मरताना तिनं पाहिली होती. पेरूमधल्या लिमा शहरात २००७ साली मोजमाप झालं तेव्हा जुन्या, उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या वॉर्डांत खिडक्या उघड्या असताना हवा बदलण्याचा वेग नव्या, यंत्रानं हवा खेळवणाऱ्या खोल्यांपेक्षा खूप जास्त निघाला. जागतिक आरोग्य संघटनेनंही २००९ साली नैसर्गिक वायुवीजनाच्या वॉर्डासाठी दर पेशंटमागे सेकंदाला ६० लिटर हवा असा आकडा दिला. भिंतीवरचा साधा स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो. तुमच्या तापाच्या, खोकल्याच्या पेशंटना समोरासमोर खिडक्या आणि दहा-साडेदहा फूट उंचीचं छत द्या. फॉल्स सिलिंग काढून टाका. खोली मोठी वाटते, छाती मोकळी होते, आणि उंदीर-झुरळांची एक जागा कमी होते.

दारातून कोण येतंय ते दिसतं का, हा दुसरा प्रश्न बाकड्यावर झोपूनच तपासा. तिसरा प्रश्न हाताचा. मी एका हॉस्पिटलात रात्री मुद्दाम थांबून पाहिलं होतं. आठ खाटांच्या वॉर्डमधल्या सगळ्या पंख्यांचे रेग्युलेटर दाराजवळ एका बोर्डावर. कोणता कोणाचा ते लिहिलेलं नाही. रात्री दोनच्या सुमारास एका आजींना थंडी वाजायला लागली. त्यांनी सुनेला उठवलं, सुनेनं अंदाजानं एक बटण फिरवलं, तिसऱ्या खाटेवरचा पंखा बंद झाला, तिथला माणूस घामाघूम होऊन उठला, मग सिस्टर आल्या, मोठा दिवा लागला. आठही जण जागे. आजी परत परत म्हणत होत्या, "माझ्यामुळं समद्यांची झोप मोडली." सकाळपर्यंत त्यांनी पांघरूण मागितलं नाही, पाणीही मागितलं नाही. प्रत्येक खाटेशी स्वतःचा पंख्याचा रेग्युलेटर, छोटा दिवा, बेल आणि हाताला येईल असा पडदा, एवढं असतं तर हे घडलं नसतं. आजारी माणसाचा सगळा ताबा दुसऱ्यांच्या हातात गेलेला असतो: कधी खायचं, कधी सुई टोचायची, कधी कपडे बदलायचे. पंखा हळू करणं तरी त्याच्या हातात राहू द्या.

झोपेबद्दल मी जरा हट्टी आहे. हॉस्पिटलाभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र जाहीर होतं, तिथे कायद्यानं दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबलची मर्यादा आहे. वॉर्डच्या आत रात्री ३० असावं असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. प्रत्यक्षात बाहेरच्या हॉर्नपेक्षा आतलाच आवाज पेशंटला जास्त जागवतो. फरशीवर ठेवलेला स्टीलचा बेडपॅन. कडक चाकांची ट्रॉली. धाडकन आपटणारं दार. ऑक्सिजनचा सिलिंडर लोळवत नेणं. सिस्टरच्या टेबलावर वाजणारा मोबाइल. यातलं अर्धं खरेदीच्या यादीत सुटतं: मोठी रबरी चाकं, दारांना क्लोजर आणि चौकटीला रबर, बेडपॅनच्या रॅकला रबरी मॅट. बाकीचं प्लॅनमध्ये: भांडी धुण्याची आणि मळक्या कपड्यांची खोली खाटांच्या भिंतीला भिंत लावून नको, जनरेटर वॉर्डच्या खिडकीखाली नको, आणि दोन वॉर्डांची दारं समोरासमोर नकोत. गच्चीवर पत्र्याची शेड घालायचा मोह पुढे-मागे होतोच. वरच्या मजल्यावर पेशंट असतील तर घालू नका, पावसाळ्यात एकालाही झोप लागणार नाही. रात्री चालायला जमिनीपासून फूटभर उंचीवर पिवळसर मंद दिवे, २७०० केल्विनचे, खाटेपासून संडासापर्यंत ओळीनं. म्हातारी माणसं अनेकदा याच वाटेवर पडतात.

आता नातेवाईक. इथे मी जरा जास्त लिहिणार आहे.

आपल्याकडे माणूस एकटा आजारी पडत नाही. सोबत बायको येते, भाऊ येतो, गावाकडून मावशी येते. आणि आपल्या जवळजवळ प्रत्येक प्लॅनमध्ये या माणसांसाठी एक लोखंडी स्टूल असतं. शुभ्र चादरीच्या खाटेवर पेशंट आणि खाली फरशीवर वर्तमानपत्र पसरून झोपलेली त्याची आई, हे दृश्य आपण इतक्या वेळा पाहिलंय की ते आपल्याला दिसेनासं झालंय.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेचं शोधग्राममधलं मा दंतेश्वरी रुग्णालय आहे. ते बांधण्याआधी आदिवासींना विचारलं गेलं की दवाखान्यात यायची भीती का वाटते. मोठ्या इमारतीत हरवायला होतं, आपल्या माणसांना बाहेर ठेवतात, आणि डॉक्टर-नर्सचे पांढरे कपडे पाहून भीती वाटते, कारण पांढरं कापड प्रेताला घालतात, असं लोकांनी सांगितलं. म्हणून तिथे एकच मोठी इमारत न बांधता गावातल्यासारख्या झोपड्या उभ्या राहिल्या, नातेवाईक पेशंटबरोबर राहू लागले, आणि रुग्णालयाला देवीचं नाव मिळालं. मी आजवर पाहिलेल्या हॉस्पिटलांपैकी हे एक असं आहे जिथे नकाशा पेशंटनं सांगितला. तुम्हीही हे करू शकता. तुमच्या सध्याच्या क्लिनिकमध्ये येणाऱ्या दहा बायांना विचारा, मागच्या वेळी ॲडमिट होता तेव्हा कशाचा त्रास झाला? आर्किटेक्टला घेऊन बसा आणि नुसतं ऐका.

संत गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या. दादरच्या त्यांच्या मिशनच्या धर्मशाळेत आजही टाटा हॉस्पिटलला आलेले कॅन्सरचे पेशंट आणि त्यांची माणसं राहतात. उपचार मिळाला तरी रात्री पाठ टेकायची कुठे, हा प्रश्न त्या माणसाला समजला होता. आपण शिकलेले लोक त्याला अजून प्लॅनमधली खोली मानत नाही.

तुमच्यासाठी माझं ठोस सुचवणं असं. खिडकीखाली कट्टा बांधा. दीड फूट उंच, दोन फूट रुंद, सहा फूट लांब, वर कडाप्पा किंवा कोटा, त्यावर रेक्झिनची गादी. दिवसा बसायला, रात्री आडवं व्हायला. मुलं त्यावर चढून खिडकीशी उभी राहतील, म्हणून ग्रिल आतून म्हटलंय. खाली पिशवी आणि डब्यासाठी कप्पा. शेजारी मोबाइल चार्जिंगचा सॉकेट, नाहीतर लोक मॉनिटरचा प्लग काढतात. मी पाहिलंय. प्रत्येक मजल्यावर नातेवाइकांसाठी एक छोटी खोली: पिण्याचं पाणी, गरम पाणी, डबा गरम करायची सोय, डबे धुवायला खोल सिंक. ही नसेल तर डबे डॉक्टरांच्या हात धुवायच्या बेसिनमध्ये धुतले जातात आणि मग सिस्टर ओरडतात, आणि सुनेच्या डोळ्यांत पाणी येतं. कपडे वाळत घालायला मागच्या बाजूला दोऱ्या बांधलेली मोकळी जागा. अंघोळीची जागा. या सगळ्याला मिळून एका डीलक्स रूमएवढी जागा लागते. एक डीलक्स रूम कमी करा. तुम्हाला हिशेबात ते जड जाईल याची कल्पना आहे, तरीही सांगते.

तुमचं प्रसूतीचं काम मोठं आहे म्हणून त्याबद्दल थोडं. लेबर रूममध्ये टेबलं ओळीनं लावून मधे नुसता पडदा असं करू नका. प्रत्येकीला भिंतींचा आडोसा असलेली जागा आणि तिच्या उशाशी आई किंवा सासू बसेल एवढी खुर्ची. केंद्राच्या 'लक्ष्य' कार्यक्रमातही सरकारी लेबर रूममध्ये सोबतीण असावी असं धरलंय, खासगीत आपण मागे का राहायचं. टेबलाचं पायाकडचं तोंड दाराकडे नको. ही चूक मी तीनदा प्लॅनवर लाल पेननं खोडलीय. नवजात बाळांच्या खोलीशेजारी आईला बाळ छातीशी धरून बसता येईल अशा टेकून बसायच्या खुर्च्या ठेवा, कांगारू पद्धतीसाठी. मुंबईच्या सायन हॉस्पिटलात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्धपेढी सुरू केली, आशियातली पहिली. बाळाला आईचं दूध मिळावं हा त्या कामामागचा विचार होता. आणि एक खोली अशी ठेवा जी मॅटर्निटी वॉर्डच्या ओळीत नसेल. ज्या बाईचं बाळ गेलंय तिला बाकीच्या बाळंतिणींमध्ये झोपवू नका. रात्रभर शेजारच्या बाळांचं रडणं ऐकत, दूध दाटून आलेलं असताना ती पडून असते. माझ्या चुलत बहिणीनं हे सोसलंय. तिनं त्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांना कधी दोष दिला नाही, पण त्या वॉर्डचं वर्णन ती आजही करते, कोणत्या खाटेवर कोण होतं त्यासकट.

वाईट बातमी सांगायची जागा तुमच्या प्लॅनमध्ये नाही. जवळजवळ कुठल्याच प्लॅनमध्ये नसते. मग ती आयसीयूच्या दाराशी, उभ्यानं, दहा अनोळखी माणसांदेखत सांगितली जाते. आयसीयूजवळ दहा बाय बाराची एक खोली ठेवा. बसायला पाच-सहा जागा, मधे टेबल नको, पाणी असावं, खिडकी असावी. दोन दारं हवीत, म्हणजे रडून सुजलेले डोळे घेऊन पुन्हा त्याच गर्दीतून जावं लागत नाही. ही खोली डॉक्टरांनाही उपयोगी पडते. गेल्या काही वर्षांत डॉक्टरांवर जे हल्ले झाले त्यामागे किती कारणं असतात हे तुम्ही जाणता, पण संतापलेला जमाव आणि अरुंद पॅसेज ही जोडी तरी आपण बांधू नये. याच खोलीला लागून मृतदेह बाहेर न्यायची वाट आखा. ती लॉबीतून आणि मॅटर्निटीसमोरून जाऊ नये. ॲम्ब्युलन्स मागच्या बाजूला लागावी, वर पत्रा असावा, आणि पावसात घरच्यांना पाच मिनिटं उभं राहून अखेरचं पाहता यावं एवढी जागा असावी.

सिस्टर आणि मावशींसाठी खिडकी असलेली विश्रांतीची खोली द्या, जिन्याखालची नको. जिला स्वतःला बसायला जागा नाही ती रात्री तीनला गोड बोलेल अशी अपेक्षा करता येत नाही.

पाट्या मराठीत, मोठ्या अक्षरांत, दाराच्या वर नको तर नजरेच्या उंचीवर. 'पॅथॉलॉजी'ऐवजी 'रक्त-लघवी तपासणी'. तुमच्या तीस खाटांच्या इमारतीत पाट्यांपेक्षाही दारातून आत आल्यावर केसपेपरची खिडकी आणि जिना दोन्ही समोर दिसणं जास्त महत्त्वाचं. आलेला माणूस आधीच गांगरलेला असतो.

रंगांबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून: चुन्यासारखा पांढरा टाळा, डोळ्यांवर येतो, आणि बंग यांच्याकडे आदिवासींनी सांगितलेलं कारणही आहेच. फार हिरवा-पिवळा उजेड परावर्तित करणारा रंगही नको, कारण त्यात कावीळ आणि फिकेपणा नीट ओळखू येत नाही. कोणताही मातकट, मऊ रंग चालेल. पोस्टर्स लावायचीच असतील तर परदेशातल्या बर्फाच्या डोंगरांपेक्षा आपल्या भागातली ओळखीची दृश्यं लावा: ज्वारीचं शेत, बैलजोडी, गावची वेस. वेटिंगमध्ये टीव्ही नको. बातम्या पाहून कोणाचं ब्लड प्रेशर उतरत नाही.

खर्चाचं. खाटांची दिशा, सिल, दिव्यांची जागा, दारांची जागा, वॉर्ड पूर्वेला नेणं, बॉडीची वाट: यांना वेगळा खर्च नाही, फक्त प्लॅन पुन्हा काढायची मेहनत. कट्टे, प्रत्येक खाटेचे रेग्युलेटर, रबरी चाकं, नातेवाइकांची खोली यांना खर्च आहे, आणि तो काचेच्या दर्शनी भागाच्या, ग्रॅनाइटच्या आणि फॉल्स सिलिंगच्या पैशात बसायला हवा. तुमच्या कंत्राटदाराकडून या तीन गोष्टींचा आकडा वेगळा काढून घ्या आणि समोरासमोर मांडा. लॉबीत ग्रॅनाइटऐवजी चकाकी न दिलेला, जरा खरखरीत कोटा घाला. गुळगुळीत ग्रॅनाइट ओला झाला की त्यावर पाय घसरतो, आणि पावसाळ्यात तुमच्या दारात सगळेच ओल्या चपलांनी येणार.

राहिला कडुनिंब. तो तोडायच्या परवानगीसाठी अर्ज केला असेल तर मागे घ्या. झाडाच्या बुंध्यापासून निदान पंधरा-वीस फुटांवर वॉर्डची भिंत ठेवा, मुळं आणि पाया दोन्ही सुरक्षित राहतील. पार्किंग उत्तरेच्या पट्ट्यात बसतं, मी तुमच्या फोटोवर माप लावून पाहिलं, दोन गाड्या कमी होतात एवढंच. झाडाभोवती पार बांधा, बसायच्या उंचीचा, आणि वॉर्डमधून तिथपर्यंत एकही पायरी न येता व्हीलचेअर जाईल असा उतार ठेवा. शस्त्रक्रियेनंतर पेशंटला चालवायचं असतं तेव्हा 'पॅसेजमध्ये दोन फेऱ्या मारा' म्हणण्यापेक्षा 'पारापर्यंत जाऊन या' म्हणता येईल. पानगळीत गच्चीची पन्हाळी दर आठवड्याला साफ करावी लागेल, आणि खिडक्यांच्या छज्ज्यांवर कबुतरं बसू नयेत म्हणून जाळी मारावी लागेल, कारण त्यांची विष्ठा फुप्फुसाच्या पेशंटला घातक असते. वॉर्डमध्ये मात्र मातीच्या कुंड्या ठेवू नका, झाडं बाहेरच बरी.

सुधारलेला प्लॅन पाठवताना त्यावर प्रत्येक खाटेवरच्या उशीची जागा एका टिंबानं दाखवायला आर्किटेक्टना सांगा, आणि त्या प्रत्येक टिंबापासून कडुनिंबापर्यंत एक रेघ ओढायला. ज्या रेघा भिंतीत अडतील त्या खाटा आपण दोघी मिळून हलवू.